एका जोडाक्षराची चूक

“मग चुकलं कुठे, बाई?”

चारुताने पुन्हा तेच विचारलं.

पेंढारकर बाई म्हणजे कॉलेजातल्या तिच्या मराठीच्या बाई. आता निवृत्त होऊन मिरजेत एकट्या राहत. चारुताचा इंग्रजी कादंबरीवरचा मराठी प्रबंध त्यांच्या पुढ्यात होता. पहिल्या पानावर ‘आईस अर्पण’. उद्या तो विद्यापीठात द्यायचा होता, पण बाईंनी ‘बरा आहे’ म्हटल्याशिवाय तिचा पाय निघत नव्हता.

“चुकलं असं कुठे म्हणाले मी? व्हिक्टोरिया राणीच्या काळात कादंबरी वास्तववादाकडे कशी वळली, सांग बघू. पानं न उलटता.”

चारुताला कंठ फुटला.

“आधी सगळा ओसाड किल्ल्यांचा कारभार, बाई. भुतं काय, वादळं काय, पळवून नेलेल्या नायिका काय. मग गिरण्या आल्या, शहरं धुराने काळी झाली. लेखकांना वाटलं, अरे, शेजारच्या माणसाकडे आपण बघतच नाही. आणि कादंबरी किल्ला उतरून स्वयंपाकघरात आली.”

“आणि तुझी ती विधवा?”

“चौथ्या प्रकरणातल्या कादंबरीतली? तिच्या किटलीचा टवका उडालाय. पाहुणा आला की ती टवक्याची बाजू भिंतीकडे करते. रडणं नाही, नवऱ्याचं नाव नाही... नुसती किटली फिरवते. पानंच्या पानं लिहिलीत मी त्या किटलीवर.”

“सुरेख लिहिलीस.” बाईंनी कप पुढे सरकवला. “तुझी आई चहा कशात करायची ग?”

चारुता दचकली. चहा बशीत हिंदकळला. आई चैत्रात गेली होती.

“पातेल्यात. दांडा तुटलेल्या. सांडशीने धरायची.”

“कधी तुटला दांडा?”

“माहीत नाही, बाई. मी पुण्याला होते. हेच प्रकरण चाललं होतं.”

“आता कुठे आहे ते?”

“दिवसकार्य झाल्यावर घर आवरलं, तेव्हा...” तिने बशीतला चहा उगाच कपात ओतला. “भंगारात दिलं.”

बाईंनी तिच्या कपात आणखी चहा ओतला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“फोनवर चिडवायची मला,” चारुता हळूच म्हणाली. “‘बाईसाहेब, आमच्याकडे वास्तव्याला कधी येताय?’ मी म्हणायचे, प्रकरण संपू दे, की आलेच.”

“मग?”

“प्रकरण संपलं.”

डोळे लपवायला तिने प्रबंध ओढला आणि पानं चाळू लागली. जागोजाग बाईंची लाल पेन्सिल फिरली होती. वेलांटी चुकली तरी गुण कापणाऱ्या बाई. त्यांनी साधा स्वल्पविरामही सोडला नव्हता.

चौथ्या प्रकरणाच्या शेवटच्या ओळीवर ती थबकली. घाईत टंकलेली ओळ: ‘हाच खरा वास्तव्यवाद.’

त्या शब्दाभोवती मात्र लाल खूण नव्हती.

“बाई, ही एक राहिली तुमच्या नजरेतून. इथे ‘व्य’ नको, ‘व’ हवा.” तिने पेन्सिल उचलली. “खोडते.”

बाईंनी तिच्या हातातून पेन्सिल काढून घेतली.

“राहू दे. सबंध प्रबंधात तेवढाच एक शब्द खरा उतरलाय.”