रंगाखालचा बोल्ट

चेअरमन दौलतरावांपुढे तोंड उघडायची कोणाची छाती नव्हती. त्यांची मोटार रंगवून आली आणि गचके खाऊ लागली. नवी बॅटरी घातली, प्लग बदलले, तरी तेच! ड्रायव्हर सोपान काही सांगू लागला, तर "उलट बोलतोस?" म्हणत साहेब त्याला कामावरूनच काढायला निघाले.

वायरिंगवाल्या मुनीरचाचांनी गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या अर्थिंगच्या वायरचा बोल्ट सोडला, त्याखालचा रंग खरवडला आणि बोल्ट पुन्हा आवळला. इंजिन एका लयीत चालू लागलं.

"झालं होतं काय?" साहेबांनी विचारलं.

"बॅटरीतून निघालेल्या विजेची परतीची वाट रंगानं बुजली होती. तुमचंही तसंच आहे, साहेब. हुकूम जातो, पण उत्तराला परत यायला वाट नाही."

साहेब ड्रायव्हरकडे वळले. म्हणाले, "सोपान, तू काय सांगत होतास?"

"रंगाचंच, साहेब."