साळूची पोथी आणि दोन आवृत्त्या

बाळांनो, नदीकाठच्या एका अरण्यात एक साळू राहत असे. अंगभर काटे असले तरी तिची वाणी मऊ होती, आणि अक्षरसेवा हेच तिने आपले व्रत मानले होते. त्या अरण्यात लेखन संगणकावर चाले. साळूजवळ लेखनाचे एक सॉफ्टवेअर होते आणि त्याला जोडलेले एक प्लगिन, म्हणजे हाताखाली राबणारा छोटा मदतनीस. ओव्यांना क्रमांक घालणे हे त्या प्लगिनचे काम. तिला ते तिचे गुरू, वृद्ध कासव आजोबा, यांनी फार वर्षांपूर्वी दिले होते.

आता आजोबांची दृष्टी गेली होती. तरी वनदेवाच्या स्तवनाच्या एकशे आठ ओव्या त्यांना मुखोद्गत होत्या, आणि त्या क्रमाने जाणणारे अरण्यात दुसरे कोणी उरले नव्हते. चार महिने रोज पूजेनंतर आजोबा सांगत गेले आणि साळू उतरवून घेत गेली. उन्हाळा लागला होता. या गोष्टीच्या दुसऱ्या दिवशी आजोबा तळ्याच्या गाळात दीर्घ निद्रेसाठी उतरणार होते, आणि त्यांचे वय पाहता ते पुन्हा वर येतील याची खात्री कोणालाच नव्हती. म्हणून आदल्या दिवशीच सांजवातीच्या वेळी संपूर्ण पोथी त्यांच्या कानांवर घालायची आणि त्यांच्याकडून क्रम तपासून घ्यायचा, असे ठरले होते.

क्रमांक एकशे आठपर्यंत सलग चालावेत आणि प्रत्येक ओवीखाली तिचे ध्रुपद, म्हणजे पालुपद, आपोआप यावे, म्हणून त्या सकाळी साळूने त्याच प्लगिनची नवी आवृत्ती बसवली. पोथी उघडून पाहते तो सारी घडी विस्कटलेली. क्रमांक अजूनही दर अध्यायाला पुन्हा एकपासून सुरू होत होते आणि पहिल्या अध्यायाची ध्रुपदे सातव्या अध्यायात जाऊन बसली होती. वर तांबड्या अक्षरांत सूचना होती की एकाच प्लगिनच्या दोन आवृत्त्या आढळल्या आहेत.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. कावळ्याला दिसेल ते गोळा करण्याची हौस. त्याने कुठूनशी आणखी एक आवृत्ती चोचीत धरून आणली आणि हीही बसवून पाहा, काही बिघडत नाही, असा आग्रह धरला. साळू शांतपणे म्हणाली, "कावळेदादा, दोघांचे जमेना म्हणून माझा जीव टांगणीला लागला आहे, आणि तुम्ही घरात तिसरा पाहुणा आणता?" माकडाचे मत आणखी निराळे होते. ते फांदीवरून लोंबकळत म्हणाले, "साळूताई, आजोबांना दिसते कुठे? वाच वाटेल तशी. ओव्या गोडच आहेत."

"त्यांना दिसत नाही, पण ऐकू येते," साळू म्हणाली, "आणि वनदेवाला तर दिसतेही आणि ऐकूही येते." एवढे बोलून तिने पाठ फिरवली आणि पुन्हा कामाला लागली.

तिने नवी आवृत्ती काढून पुन्हा बसवली. घोळ तसाच राहिला. सॉफ्टवेअर बंद करून उघडले, तरी तसाच. ऊन डोक्यावर आले, तिने फराळालाही हात लावला नाही. तेव्हा बराच वेळ शेजारी बसलेली मुंगी पुढे आली. माग काढण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. ती म्हणाली, "ताई, तू मघापासून काढते आहेस आणि घालते आहेस. तुझे सॉफ्टवेअर हे प्लगिन नेमके कुठून उचलते, ते त्यालाच विचार ना."

साळूने विचारले. उत्तरात एका फोल्डरचे नाव उमटले. तो आजोबांनी दिलेल्या जुन्या आवृत्तीचा फोल्डर होता. सॉफ्टवेअर उघडताना जी फाइल सर्वांत आधी वाचते, तिच्यात पहिलीच आज्ञा होती : प्रथम गुरुजींच्या फोल्डरमध्ये पाहा.

"ही ओळ कोणी लिहिली?" मुंगीने विचारले.

"मीच," साळू म्हणाली. "कोणत्याही कामाआधी गुरूंना नमन घडावे म्हणून."

मग सारे उलगडले. सॉफ्टवेअर आज्ञाधारक होते. जुन्या फोल्डरात जे सापडे ते तिथून घेई, तिथे नसलेले तेवढे नव्याकडून घेई. जुने प्लगिन प्रत्येक अध्याय नव्याने मोजी आणि नवे ती मोजणी सलग आहे असे धरून ध्रुपदे जोडी. दोघेही आपापल्या परीने चोख होते, फक्त एकत्र नांदणारे नव्हते.

ती ओळ पुसायला साळूचा हात उचलेना. अखेर ती तळ्याकाठी आजोबांकडे गेली, त्यांच्या पायांवर डोके ठेवले आणि घडले ते सांगून परवानगी मागितली. आजोबा मंद हसले.

"अग बाळ, मी तुला पोथी लिही म्हणालो होतो. माझे प्लगिन पूजेला लाव असे कधी म्हणालो? नमस्कार मला रोज कर. पण वाट दाखवायला आंधळ्याला पुढे घालू नकोस."

साळू परतली ती निर्धारानेच. तिने ती ओळ काढली. जुनी आवृत्ती सॉफ्टवेअरच्या वाटेबाहेर, जपणुकीच्या कप्प्यात ठेवली. दोन्हींच्या मिश्रणातून तयार झालेल्या फाइली आत दडून होत्या. मुंगी माग दाखवत गेली आणि साळू एकेक शोधून पुसत गेली. एक राहून गेली तेव्हा तांबडी सूचना पुन्हा झळकली. न कंटाळता तिने पहिल्यापासून पाहिले आणि तीही काढली. मग सॉफ्टवेअर पूर्ण बंद केले, नव्याने उघडले आणि एकच आवृत्ती बसवली. या वेळी सूचना आली नाही. क्रमांक एकपासून एकशे आठपर्यंत सरळ चालत गेले आणि प्रत्येक ध्रुपद आपल्या ओवीखाली येऊन स्थिरावले.

दिवेलागणीला सारे अरण्य तळ्याकाठी जमले. माकडही खाली उतरून बसले. साळूने वाचायला आरंभ केला. आजोबा डोळे मिटून प्रत्येक ओवीला मान हलवत होते. एकशे आठवी ओवी संपली. साळूने हळूच विचारले, "गुरुजी, क्रम चुकला का?"

आजोबांनी चाचपडत तिच्या मस्तकावर पाय ठेवला. म्हणाले, "नाही ग. आता मी विसरलो तरी चालेल."

तात्पर्य इतकेच : ज्याने आपल्याला घडवले त्याला हृदयात जपावे, आणि हातातले काम मात्र त्या घडीला जो ते नीट करील त्या एकाच्याच स्वाधीन करावे.