फरशीवरची हजेरी

हा खांब बघा. नदीतल्या या दगडी फरशीच्या अलीकडच्या टोकाला, पाण्याला लागूनच रोवलेला. वर जो आकडा आहे त्याला रोज दिवेलागणीला कंदील टांगतात. तुम्ही लोक पहिल्यांदा येता तेव्हा विचारता, की वरच्या अंगाला एवढा मोठा पूल झालाय, त्यावर सरकारी दिव्यांची रांग लागलीय, मग या मोडक्या फरशीवर हा रॉकेलचा कंदील कशाला? आणि शेतकी कॉलेजची ही पोरंपोरी पूल सोडून, पायातल्या चपला हातात घेऊन इकडूनच का जातात? पलीकडे पोचल्यावर एकेकाचं नाव कोण पुकारतं, आणि ती ‘हजर’ म्हणून का ओरडतात?

बसा त्या कट्ट्यावर. हा कट्टा म्हणजेच ‘मधुबन परमिट रूम’चा जोता. भिंती गेल्या, कौलं गेली, जोता तेवढा राहिला.

हिवरसंगम गाव नदीच्या या काठाला आणि कॉलेज त्या काठाला. मधे ही जांभळी नदी. पूर्वी पूल नव्हता, फक्त ही फरशी होती. उन्हाळ्यात बोटभर पाणी, पावसाळ्यात कधी घोट्याला, कधी कमरेला. अशा जागी परमिट रूम काढायची बुद्धी गावातल्या कोणाला झाली नसती. ती काढली जगन्नाथ पेडणेकर यांनी. हे मूळचे वेंगुर्ल्याकडचे, घाट चढून इथं आले आणि इथलेच झाले. सगळे त्यांना जगूभाऊ म्हणत.

जगूभाऊंच्या मधुबनसारखी जागा पुन्हा झाली नाही, असं जुनी मंडळी सांगतात. डोळ्यांत पाणी आणून सांगतात. आता म्हणाल दारूच्या दुकानासाठी कसले डोळे ओले करायचे? पण त्या जागेची गंमत दारूत नव्हतीच. लाकडी बाकं, त्यावर चाकूनं कोरलेली नावं, मीठ लावलेले उकडलेले शेंगदाणे, सुकटाची चटणी आणि एक घसा बसलेला रेडिओ. मागच्या खोलीला हिरवा पडदा होता. पडद्याच्या आत प्राध्यापक बसत, बाहेर त्यांचे विद्यार्थी. दोघांनाही एकमेकांचा आवाज कळायचा आणि दोघंही एकमेकांना कधी दिसले नाहीत. परीक्षेच्या दिवसांत भाऊ बाटलीला हात लावू देत नसत. त्या दिवसांत इथं चहा आणि पाठांतर चाले. एरवीसुद्धा कोणी जास्त मागितली की भाऊ लिंबूपाण्याचा पेला पुढं सरकवून म्हणत, “ह्या पी. तुझ्या आवशीक मी काय सांगू?” आवस म्हणजे आई. घरापासून लांब आलेली पोरं ती. त्यांना कोणीतरी आईचं नाव काढून दटावलेलं हवंच असायचं. हसत हसत पीत ती लिंबूपाणी.

पलीकडे वसतिगृहाची घंटा दिवेलागणीला व्हायची. तिच्या आत पोरांना पोचावं लागे. भाऊ कंदील घेऊन बाहेर येत, या खांबाला टांगत आणि पोरांना एकामागून एक फरशीवरून सोडत. सगळी पलीकडे गेली की इथून नाव घेऊन हाक मारत. पलीकडून वर्गात देतात तशी ओ यायची, “हजर!” शेवटची ओ आली की मगच कंदील उतरायचा.

याचंही कारण सांगतात. भाऊ लहान असताना त्यांच्या गावी होड्या अंधारात परतल्या की बायका किनाऱ्यावर दिवा धरून घरच्या माणसांना नावानं हाका मारत. भाऊंच्या आईनं एका संध्याकाळी थोरल्या मुलाला अशी हाक मारली आणि उत्तर आलं नाही. शेजारणींनी समजूत घालून तिला घरी नेलं, दिवाही नेला. आईनं मरेपर्यंत एकच गोष्ट धरून ठेवली, की दिवा नेला नसता तर तो आला असता. म्हणून भाऊंनी इथं दुकान थाटलं त्याच दिवशी बोलून ठेवलं होतं म्हणे, “माझ्या दारातसून गेलेलो झील थंय पोचल्याशिवाय मी दिवो काढूचंय नाय.” झील म्हणजे मुलगा.

या नियमाला शिक्षाही होती. जो हाकेच्या वेळी पलीकडे नसेल, त्याला महिनाभर मधुबनमध्ये पाऊल टाकायला बंदी. पोरं वर्गात गैरहजर राहायला भीत नसत, पण या बंदीला फार भीत.

तेव्हा वसतिगृहाच्या एका खोलीत दोघे राहत. रंगनाथ इंगवले आणि प्रभाकर साळोखे. रंगनाथ कुस्तीच्या गावचा, अंगानं भरलेला. आवाज मात्र चिरका, आणि ‘हजर’ म्हणताना तो मधेच लांबवायचा. प्रभाकरला त्याची नक्कल इतकी साधली होती, की वर्गात रंगनाथची हजेरी बहुतेक वेळा प्रभाकरच द्यायचा आणि मास्तर मान वर न करता पुढचं नाव घ्यायचे. कॉलेजात ही काही नवलाची गोष्ट नव्हती. दोस्तासाठी एवढंही केलं नाही तर तो दोस्त कसला, असंच सगळे मानत.

गावचा उरूस आला. नदीच्या याच काठी कुस्त्यांचं मैदान होतं. दुपारी सगळी टोळी मधुबनमध्ये बसली होती. रंगनाथ मधेच उठला आणि जाताना प्रभाकरच्या कानाला लागला.

“निकाली कुस्ती बघितल्याबिगर मी काय येत न्हाई गड्या. भाऊंनी हाक मारली की माझी तेवढी तूच दे.”

“आणि घंटेचं काय?”

“कुंपणावरनं येतो की. पर भाऊंनी म्हैनाभर दार बंद केलं तर कसं जगायचं, सांग?”

प्रभाकर हसला आणि हो म्हणाला.

उरसाची गर्दी होती. फरशीवरून कोण गेलं, कोण राहिलं हे भाऊंना त्या दिवशी नीट दिसलं नाही. त्यांचा भरवसा हाकेवर होता. त्यांनी हाका मारल्या, एकेक ओ आली. “रंगनाथ इंगवले?” म्हटल्यावर पलीकडून तोच चिरका, लांबवलेला आवाज आला, “हजऽऽर!” भाऊंनी समाधानानं कंदील उतरवला आणि आत जाऊन दार लोटलं.

वर डोंगरात दुपारभर पाऊस झाला होता. त्याचं पाणी कंदील उतरल्यावर इथं पोचलं, असं सांगतात. रंगनाथ मैदानातून आला तेव्हा खांबावर दिवा नव्हता, अडवायला भाऊ नव्हते आणि फरशी कुठं आहे ते अंधारात कळत नव्हतं. रोजचीच वाट म्हणून त्यानं पाय टाकला असणार. सकाळी तो खालच्या डोहात सापडला. इतका धडधाकट पोरगा, आणि कुस्तीत कोण जिंकलं हे सांगायलाही परत आला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी पोरं माना खाली घालून मधुबनच्या दारात उभी राहिली. प्रभाकर पुढं झाला आणि त्यानं सगळं सांगितलं. भाऊ ओरडले नाहीत. ते एवढंच म्हणाले, “तू हजर म्हटलंस, म्हणान मी दिवो काढलंय.”

मग त्यांनी कंदील पेटवून खांबाला लावला, पोरांना पलीकडे सोडलं आणि नावं घ्यायला लागले. सगळ्यांची घेतली. प्रभाकरचं घेतलं नाही. शेवटी “रंगनाथ इंगवले” म्हणून हाक मारली आणि वाट बघत उभे राहिले. पाण्याच्या आवाजाशिवाय काही आलं नाही. कंदील तसाच राहिला, आणि त्या दिवसापासून तो उतरलाच नाही. वाऱ्यानं विझला तर भाऊ उठून लावत.

काही दिवसांनी प्रभाकर त्यांच्या पायाशी बसला. म्हणाला, “भाऊ, मला मारा, पण माझं नाव घ्या.” भाऊंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “मी रागावलंय नाय रे. पण तुझो आवाज माका आता वळखूक येणा नाय. तू ओ दिलंस तर ती तुझी म्हणू की त्याची?”

पोरं शिकून आपापल्या गावी गेली. प्रभाकर गेला नाही. त्याच कॉलेजात मातीची परीक्षा शिकवायला लागला, पलीकडच्या काठाला राहिला. रोज दिवेलागणीला फरशीच्या त्या टोकाला येऊन उभा राहायचा. नवी पोरं ‘हजर’ म्हणायची, हा गप्प उभा. शेवटी रंगनाथचं नाव यायचं आणि नदी वाहत राहायची. मधुबनचा धंदा चालूच होता, पण हाकेच्या वेळी रेडिओ बंद व्हायचा, हिरव्या पडद्याआडची माणसंसुद्धा बाहेर येऊन उभी राहायची. काहींना तेव्हा फरशीच्या मध्यावर पाणी थबकल्यासारखं दिसायचं म्हणे. मी तिकडे बघत नाही, त्यामुळं मला विचारू नका.

भाऊ म्हातारे झाले, अंथरुणाला खिळले. तरी रोज दिवेलागणीला म्हणायचे, “माका भायर न्हेवा.” पोरं खाट उचलून या खांबाशी आणायची. आवाज इतका खोल गेला होता, की हाक पलीकडे जेमतेम पोचायची. पोरांना ते बघवेना. त्यांच्यातली काही जणं प्रभाकरकडे गेली आणि म्हणाली, “सर, तुम्हाला तो आवाज काढता येतो म्हणतात. एकदा द्या ओ. दिवा उतरू द्या. म्हाताऱ्याला सुखानं जाऊ द्या.”

विचार करा त्याच्यावर काय प्रसंग आला असेल. एका हजेरीनं मित्र गेला होता. आता तीच हजेरी पुन्हा दिली तर भाऊ सुटत होते. संध्याकाळी तो नेहमीसारखा पलीकडे जाऊन उभा राहिला. दोन्ही काठांना माणसं जमली होती.

भाऊंनी पोरांची नावं घेतली. मग दम घेऊन म्हणाले, “रंगनाथ इंगवले.”

आणि ओ आली. “हजऽऽर!”

चिरका, मधेच लांबवलेला आवाज. अलीकडची पोरं रडायला लागली. सरांनी आपलं ऐकलं, असं त्यांना वाटलं. पण जे प्रभाकरच्या शेजारी उभे होते त्यांनी नंतर शपथेवर सांगितलं, की सरांनी ओठ घट्ट मिटले होते. आवाज पलीकडून आलाच नव्हता. तो फरशीवरून आला होता.

भाऊ उशीवरून मान उचलून हसले. “इलो माझो झील,” म्हणाले. पोरं कंदील उतरवायला गेली तर त्यांनी हातानं थांबवलं. इतक्या वर्षांत न घेतलेलं नाव त्यांनी घेतलं.

“प्रभाकर साळोखे.”

तिकडून उत्तर यायला वेळ लागला. आलं ते रडक्या, जाड, वय झालेल्या माणसाच्या आवाजात. “हजर, भाऊ.”

“आता वळखलंय,” असं भाऊ पुटपुटले. त्यांनी कंदील जवळ आणायला सांगितला, स्वतः फुंकर घातली आणि त्या फुंकरीबरोबरच गेले, असं सांगतात.

मधुबन बंद झालं. कौलं, बाकं कोणी कोणी नेली. नावं कोरलेली एक फळी अजून कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. खांबावरचा दिवा मात्र प्रभाकर सरांनी चालवला. ते रोज अलीकडे येत, कंदील लावत, पोरांना सोडत, हाका मारत. शेवटची ओ आली की कंदील उतरवून हातात घेत आणि एकटेच फरशी ओलांडत. ते पलीकडे पोचले की दर वेळी मागं वळून मोठ्यानं म्हणत, “हजर, भाऊ!” हाक कोणी ऐकली नाही. ओ मात्र सगळ्यांनी ऐकली.

सरही गेले. आजही शेतकी कॉलेजच्या पोरांना फरशीवरून जायचं तर पलीकडे पोचून आपल्या नावाला ओ द्यावी लागते. दुसऱ्याच्या नावाला ओ द्यायची नाही, मग तो सख्खा भाऊ असला तरी. वर्गातसुद्धा इथं कोणी कोणाची हजेरी देत नाही. बाहेरून आलेले मास्तर चकित होतात, आम्ही कारण सांगत बसत नाही. आजही कोणाची ओ आली नाही तर दिवा उतरत नाही, माणसं शोधायला निघतात.

उठा आता, अंधारून आलं. चपला हातात घ्या आणि मधल्या दगडांवरून चाला. मी कंदील लावतो. पलीकडे पोचलात की एकेकाचं नाव घेईन, ज्याची त्यानं ओ द्या. शेजाऱ्याला ऐकू गेलं नसेल तर त्याला हलवा, पण त्याच्यासाठी तोंड उघडू नका. सगळ्यांची ओ आली की मी दिवा उतरवून मागून येईन.

आणि पलीकडे पोचल्यावर मी मागं वळून ‘हजर’ म्हणालो, तर मला कोणी हाक मारली असं विचारू नका.