पाठीमागचा देवमासा

खारवडच्या खाडीतून देवमासा बघायला जी होडी सुटते, तिच्यात आठच माणसं घेतात. नववा कितीही गयावया करू दे, तो धक्क्यावरच राहतो. त्या आठांनाही हवं तिथं बसता येत नाही. होडीच्या दोन्ही कडांना लांब फळ्या ठोकलेल्या आहेत. त्यांच्यावर चार इकडे, चार तिकडे, गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसायचं. म्हणजे प्रत्येकाची पाठ समुद्राकडे आणि तोंड कुणातरी अनोळखी माणसाकडे. पाहुणे यावर कुरकुरतात. एवढ्या लांबून आलो ते काय ह्या गृहस्थांचं नाक बघायला, असं कुणीतरी दर खेपेला बोलतंच. म्हातारा बुधाजी तांडेल ते ऐकून घेतो, सुकाणूवर हात ठेवतो आणि बजावतो की आपल्या पाठीमागचं आपण बघायचं नाही. ते समोरच्याने सांगायचं. त्याने सांगितलं की मग वळायचं.

होडी खाडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत तो या रीतीची कथा सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी भक्तिभावाचं असणार. बुधाजी मान हलवतो. ही रीत संशयातून पडली, आणि संशयही साधासुधा नव्हता, सासऱ्या-जावयातला होता, असं तो सांगतो.

खाडीच्या उत्तरेला खारवड, दक्षिणेला मोरंबे. मधलं पाणी इतकं अरुंद की इकडचा कोंबडा आरवला तर तिकडे चूल पेटावी. दोन्ही गावं मासेमारीची, दोन्हीकडच्या लेकी एकमेकांकडे दिलेल्या. असं असूनही, किंवा असं असल्यामुळेच, दोन्ही गावं एकमेकांना पुरती ओळखून होती. खारवडात कुणाचा कोयता हरवला तर तो मोरंब्यात शोधत, आणि मोरंब्यात मासळी नासली तर खारवडची नजर लागली म्हणत.

त्या काळी खारवडात धाकोजी नावाचा तांडेल होता. पाण्याचा रंग बघून तळ सांगणारा माणूस, पण माणसाचा चेहरा बघितला की त्याला हटकून वाईटच दिसायचं, असं सांगतात. त्याला एकच लेक, द्वारकी. ती त्याने मोरंब्याच्या रवळूला दिली. रवळू जाळी विणण्यात नि दुरुस्त करण्यात तरबेज. कितीही मोठं भोक असो, दोन दिवसांत बुजवायचा. लग्नात धाकोजीने जावयाचे हात पाहिले आणि मनात म्हणाला, ज्याला भोक इतकं चांगलं बुजवता येतं, त्याला ते पाडताही येत असणार.

त्या वर्षी खाडीच्या तोंडाशी तारली मासळी कधी नव्हे इतकी आली आणि तिच्यापाठोपाठ जाळी फाटायला लागली. सकाळी बघावं तर मधोमध बैलगाडी जाईल एवढं भगदाड. खारवडने ठरवलं की हे मोरंब्याचं काम. मग मोरंब्याचीही जाळी फाटली. त्यावर खारवडने आणखी खोलात जाऊन विचार केला आणि ठरवलं की संशय टाळायला त्यांनी स्वतःचीही फाडून घेतली! मोरंब्यात नेमकी हीच अक्कल उलट्या बाजूने चालली होती.

धाकोजीने फाटलेल्या जाळ्याचा एक तुकडा घरी नेला आणि उन्हात धरून त्याची टोकं पाहिली. दोरा ओढून तुटला तर टोक पिंजतं, सुरीने कापला तर सरळ राहतं. टोकं पिंजलेली होती म्हणे. पण कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं. धाकोजीला त्यातली दोन सरळ टोकं सापडली आणि तेवढी त्याला पुरली. त्यात त्याने एकदा पहाटे रवळूची होडी खाडीच्या तोंडाशी पाहिलेली होती. हे तो कुणाला बोलला नाही. बोलला असता तर लेकीचा संसार गेला असता. पण मनात त्याचा निवाडा होऊन गेला होता.

देवळात कौल लावला. गुरवाने देवाच्या अंगावर दोन पाकळ्या चिकटवल्या, उजवी खारवडची, डावी मोरंब्याची. पडेल ती बाजू दोषी. दोन्ही एकदमच पडल्या. गावकऱ्यांनी देवाला काही म्हटलं नाही, पण गुरवाकडे बराच वेळ बघत राहिले.

शेवटी खाडीतली तर, म्हणजे माणसांची ने-आण करणारी होडी, बंद झाली. कुणी इकडून तिकडे जायचं नाही, तिकडून इकडे यायचं नाही. आणि इथेच धाकोजीचा जीव अडकला. द्वारकीला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही कुणी मोडायची गोष्ट नव्हती. तिची आई रोज पाण्यापर्यंत जाऊन पलीकडे बघायची आणि घरी येऊन काही न बोलता भाकरी थापायची. तिचं ते न बोलणं धाकोजीला शिव्यांहून जड जायचं.

दोन्ही गावांच्या म्हाताऱ्यांनी मग तोड काढली. एकच होडी न्यायची, चार माणसं खारवडची, चार मोरंब्याची. फटफटल्यापासून उन्हं डोक्यावर येईपर्यंत जाळ्यांपाशी थांबायचं आणि चोर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. तो ज्या काठाचा निघेल, त्या काठाशी रोटी-बेटी कायमची बंद. तशी शपथ घेऊन देवापुढे नारळ ठेवला. आणि होडीत कुणी सुरी न्यायची नाही, हाही नारळ ठेवला.

मग बसायचं कसं, यावरून अर्धा दिवस गेला. मोरंब्याचे म्हणाले, आम्ही खारवडवाल्यांना पाठ दाखवणार नाही. खारवडचे म्हणाले, तुम्ही आमच्या मागे बसलात तर आम्ही होडीत पाय ठेवणार नाही. म्हणून दोन फळ्या आडव्याच्या उभ्या करून ठोकल्या, आणि आठजण समोरासमोर बसले. खारवडकडून धाकोजी निघाला. मोरंब्याने नेमका रवळूला पाठवला. दोघांचे गुडघे एकमेकांना लागले.

आता बघा, हे आठजण समुद्राकडे बघायला गेले होते. समुद्राकडे एकानेही बघितलं नाही. जो तो समोरच्याच्या हातांकडे बघत होता. कुणी नाक खाजवलं तरी सात जण सावध व्हायचे. जाळी दोन्ही बाजूंना पसरलेली, लाकडी तरंडे पाण्यावर हलत होते, उन्हं वर आली, आणि आठ माणसं एखाद्या सोयरिकीच्या बैठकीत बसावीत तशी गप्प बसून होती.

धाकोजीच्या ध्यानात आलं की जावयाची नजर सारखी आपल्या खांद्यावरून पलीकडे जाते आहे. एकदा गेली, दोनदा गेली. तिसऱ्यांदा रवळूचा रंगच उतरला.

"मामांनू," तो हळूच म्हणाला, "तुमच्या पाठी बघा. पाणी फुगता हा."

धाकोजी जागचा हलला नाही. "मी वळतलंय, आणि तू मागसून काय करतलस?"

"काय एक करूचंय नाय. तुमी बघा."

खारवडच्या बाकीच्या तिघांनी माना ताठ केल्या. वळायचं नाही. ही खूण आहे, दुसरी होडी येत असणार, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. त्यांच्या पाठीमागे कुणीतरी मोठा श्वास सोडल्यासारखा आवाज झाला आणि त्यांच्या मानेवर पाण्याचे थेंब पडले. तरीही ते वळले नाहीत. आपल्या माणसांचा हट्ट असा आहे, बुधाजी इथे थांबून सांगतो, की खुद्द समुद्राने खांद्यावर हात ठेवला तरी आधी विचारतील, तू कुठल्या गावचा?

पण तेवढ्यात धाकोजीला स्वतःलाच काहीतरी दिसू लागलं, रवळूच्या पाठीमागे. तिकडे खारवडची जाळी होती. तिचे तरंडे एकेक करून पाण्याखाली जात होते आणि जवळपास होडी नव्हती, माणूस नव्हता. मग पाण्यातून एक काळी पाठ वर आली. मोठी नव्हती, होडीच्या निम्मी असेल. तिच्यावर जाळं गुंडाळलेलं होतं, ती वर यायला धडपडत होती आणि दोर तिला खाली ओढत होता.

धाकोजीला चोर दिसला. आणि धाकोजी गप्प बसला.

गप्प का बसला, ह्याचं उत्तर बुधाजी उघडउघड देतो. जावयाचा गुन्हा नाही हे कळल्यावर त्याला आनंद व्हायला हवा होता. पण महिनाभर मनात जपलेला संशय असा एका क्षणात सोडवत नाही. माणूस चुकलेला असला की आणखी थोडा वेळ चुकलेलाच राहू बघतो. शिवाय आपण बोललो तर मोरंब्याचे तरी कुठे वळणार, असंही त्याला वाटलं.

रवळू आता कुजबुजत नव्हता. "मामांनू, मोठो हा! सरळ आमच्यावरच येता हा!"

"केवढो?"

"व्हडयेच्या तीनपट. होया तर माजो गळो धरा, पण बघा!"

धाकोजीने जावयाचा चेहरा पाहिला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने तो चेहरा पाहिला असं म्हणतात, तोवर हातच पाहिले होते. तिथे लबाडी नव्हती, नुसती भीती होती, आणि ती भीती सासऱ्याच्या पाठीसाठी होती. आणि मग त्याच्या डोक्यात दोन गोष्टी एकत्र आल्या. ह्याला माझ्या मागे मोठा दिसतो. मला ह्याच्या मागे लहान दिसतं. तिकडे आई आहे, इकडे पोर आहे, आणि मधे आपण बसलो आहोत.

"रवळू," तो म्हणाला, "तुज्या पाठी पिल्लू हा. जाळ्यात गुतलाहा."

त्याबरोबर आठही माना वळल्या. चार इकडे, चार तिकडे. मोठी मादी होडीपासून दोन वल्ह्यांवर येऊन थांबली होती, आणि तिचा डोळा पाण्याच्या वर होता. ती आपल्यात कुणाचा दोष शोधते आहे असं प्रत्येकाला वाटलं.

होडी बाजूला काढायला वल्ही होती. पण होडी नुसती बाजूला काढून भागणार नव्हतं, पिल्लू गुदमरत होतं. ते मेलं असतं तर मादीने होडी ठेवली नसती. जाळं तोडायला हवं होतं. त्यासाठी सुरी हवी होती, आणि सुरी न नेण्याचा तर नारळ ठेवलेला.

सगळे क्षणभर खाली बघू लागले. मग एकाचा हात कमरेकडे गेला. धोतराच्या घडीतून एक सुरी निघाली. मग दुसरी निघाली. मग एकेक करत आठच्या आठ निघाल्या!

पहिली कुणाची निघाली, यावर दोन्ही काठांत आजवर एकमत नाही. शपथ मोडल्याची गोष्ट चालली असेल तर खारवडचे म्हणतात पहिली मोरंब्याची, आणि मोरंब्याचे म्हणतात खारवडची. पिल्लू वाचवल्याची गोष्ट चालली असेल तर दोघेही आपली म्हणतात.

त्या आठ सुऱ्यांनी आठजणांनी खारवडचं जाळं कापलं. अगदी मधोमध, बैलगाडी जाईल एवढं. पिल्लू सुटलं, वर आलं आणि त्याने श्वास घेतला. मादी होडीखालून गेली. जाताना होडी हातभर उचलली गेली आणि तशीच अलगद पाण्यावर टेकली. उचललं जाताना आठजणांनी एकमेकांचे हात धरले होते, आणि हात धरायचा म्हणून सुऱ्या सुटून पाण्यात गेल्या होत्या.

होडी परतली ती खारवडला न जाता धाकोजीने मोरंब्याला लावली. द्वारकी किनाऱ्यावर उभी होती. बाप आणि नवरा एका होडीतून उतरताना पाहून ती आधी हसली. मग तिची नजर दोघांच्या कमरेवर गेली. सुऱ्या नव्हत्या, पण दोघांच्याही म्यानाचे चामडी पट्टे धोतरातून बाहेर आले होते.

"बाबा, तुमची सुरी खय?"

"दर्यात."

"आणि ह्येंची?"

"तीय दर्यात."

"सुऱ्यो न्हेवच्यो नाय असो नारळ ठेवललो मा? मगे कोणासाठी न्हेलात?"

दोन्ही गावांचे म्हातारे, बायाबापड्या जमल्या होत्या. द्वारकी पोटावर हात ठेवून तशीच उभी राहिली. माहेरी न्यायला आलेल्या बापाच्या होडीत ती पाय ठेवेना. उत्तर मिळाल्याशिवाय मी चढणार नाही, एवढंच म्हणाली.

धाकोजी खोटं बोलला असता तर चाललं असतं, सगळ्यांना तेच हवं होतं. पण त्याने जावयाकडे बोट केलं. "ह्येच्यासाठी," तो म्हणाला.

रवळू मान खाली घालून म्हणाला, "मामांसाठी."

द्वारकी ओक्साबोक्शी रडली म्हणतात. पोटातल्या पोराचा आजा आणि बाप, दोघांनीही एकमेकांसाठी पातं पाजळून नेलं होतं. रडून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि होडीत चढून मधे बसली.

"माज्या देखत दोगांनी समोरासमोर बसा," ती म्हणाली. "एकमेकांच्या पाठी काय हा ता सांगत ऱ्हवा. गप ऱ्हवलात तर मी हयसूनच परत जातलंय."

धाकोजी होडीच्या पुढच्या टोकाला बसला, रवळू मागच्या. खाडी ओलांडायला वेळ तो किती लागतो? पण तेवढ्या वेळात धाकोजीने जावयाला सांगितलं की तुझ्या मागे बगळे उडाले, तुझ्या मागे गाव लांब जातंय, तुझी आई हात करते आहे. आणि रवळूने सासऱ्याला सांगितलं की तुमच्या मागे धक्का आला, धक्क्यावर सासूबाई उभ्या आहेत, मामांनू, त्या रडताहेत. धाकोजी वळला नाही. जावई सांगतो ते खरं आहे असं धरून तोही रडू लागला.

आजही ह्या होडीत आठच माणसं बसतात आणि समोरासमोरच बसतात. बहुतेक खेपांना कुणीतरी ओरडतं, तुमच्या मागे! आणि आजही समोरचा लगेच वळत नाही. आधी तो सांगणाऱ्याच्या तोंडाकडे रोखून बघतो, हा खरं बोलतोय की आपल्याला फसवतोय म्हणून. बुधाजी तेवढ्या वेळात इंजिन बंद करतो. कधी कधी पाहुण्याला वळायला इतका वेळ लागतो की देवमासा बुडून गेलेला असतो.

"गेलो," बुधाजी पाण्याकडे बोट दाखवून सांगतो, "पण होतो."

आणि ज्याने ओरडून सांगितलं होतं, तो माणूस परतीच्या वाटेवर समोरच्याला पुन्हा पुन्हा सांगत राहतो, खरंच होता हो, मी खोटं कशाला बोलू.