मधला नको म्हणणारे राजे

काजळगडच्या राजांचे स्पीकर काही केल्या वाजत नव्हते.

स्पीकर कसले, दोन कपाटंच ती! शिसवी लाकडाची, कमरेएवढी उंच. शेजारी टेबलावर घरचा नवाकोरा संगणक. कारभाऱ्यांनी स्पीकरच्या वायरी सोलून थेट संगणकाला जोडल्या होत्या आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली होती. सनई लावली, तर कपाटाला कान टेकवल्यावर आत एखादा डास गुणगुणतोय असं वाटायचं. बस्स.

मंडप आणि लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या नारोबाला बोलावणं गेलं. त्याने एक नजर टाकली आणि सांगून टाकलं, "महाराज, या स्पीकरांच्या अंगात स्वतःची ताकद नाही. आणि संगणकाचा आवाज कानात घालायच्या बोंडांपुरताच. मधे अँप्लिफायर पाहिजे."

'मधे' म्हटल्याबरोबर दरबार गार पडला. राजांनी नुकताच कायदा केला होता : काजळगडात मधला कोणी नको. भाजी शेतातून थेट गिऱ्हाइकाकडे, अर्ज थेट राजाकडे, अडते-दलाल हद्दपार. कायदा चांगलाच होता, लोकांनी पेढे वाटले होते. पण राजांची एक खोड होती. एखादं लोणचं जमलं की ते खिरीतही कालवायचे.

राजे काहीतरी पुटपुटले. या घराण्यात राजाने आवाज चढवायचा नसतो. तो पुटपुटतो आणि शेजारी उभा असलेला भालदार ते खणखणीत ऐकवतो. भालदार सोनबांनी ऐकवलं, "संगणक आणि स्पीकर यांच्यात तिसरा नको! उद्या दुपारपर्यंत वाजले नाहीत, तर नारोबाचं दुकान बंद!"

नारोबा घरी येऊन डोकं धरून बसला. त्याची मुलगी मैना तुटलेल्या तारेला डाख देत होती.

"चुलीशिवाय भात शिजव म्हणतात गं," तो म्हणाला.

"उद्या मी जाते, बाबा," मैना तारेवर फुंकर मारत म्हणाली. "भात शिजतो की राजे, ते बघू."

सकाळी ती वाड्यावर हजर झाली. काखेत चादरीचं बोचकं.

"त्यात काय आहे?" राजांनी सोनबांकरवी विचारलं.

"लाजरा पाहुणा आहे, महाराज. आपण बोलावल्याशिवाय तोंड दाखवायचा नाही. आधी एक विचारू? कायद्याला अपवाद नाही ना?"

"नाही."

"वाड्यातही?"

"वाड्यात तर आधी पाळायचा!"

"मग तसा हुकूम द्या. स्पीकर वाजेपर्यंत वाड्यात मधला कोणी राहणार नाही."

राजांना हे फारच आवडलं. हुकूम सुटला, सोनबांनी तो खड्या आवाजात ऐकवला, आणि लगेच मैनेने त्यांचा हात धरला. "चला काका, बाहेर कट्ट्यावर बसा."

"मी? मी कुठला मधला?"

"राजे आणि लोक यांच्या मधे उभे राहता ना?"

"अगं, तीस वर्षं उभा आहे!"

"म्हणजे पाय दुखत असणारच. बसा निवांत."

मैना परत येऊन संगणकापाशी मांडी घालून बसली. कारभाऱ्यांची चिकटपट्टी तिने सावकाश, इंचाइंचाने सोडवायला घेतली.

मधल्या वेळेत राजे पुटपुटले. दरबारी लांबून "जी, जी" म्हणाले आणि जागेवरच बसून राहिले. राजांनी पाणी मागितलं. "जी, जी." बारा वाजले. आतून आमटीच्या फोडणीचा वास आला, पण ताट येईना. मुदपाकखाना दोन चौक पलीकडे, आणि तिथे पाऊल टाकणं राजाला शोभत नाही.

शेवटी राजांनी पंखेवाल्याला जवळ बोलावलं. "अरे, आचाऱ्याला ताट वाढायला सांग."

पंखेवाल्याने हात जोडले. "सांगितलं असतं, महाराज. पण मग मीच मधला होईन. हद्दपार झालो तर पंखा कोण ओढणार?"

एक वाजला. राजांनी खुणेने मैनेला बोलावलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "पोरी, सोनबा कुठे आहे?"

"कट्ट्यावर. मधला होता, काढला."

"अगं, तो दलाल आहे का? दलाल मधे उभा राहून वाटा खातो. सोनबा माझ्या बोलण्यातलं काय खातो? माझं हळू बोलणं घेतो आणि स्वतःच्या छातीच्या जोरावर मोठं करतो. शब्द तेच, आवाज त्याचा. त्याच्यावाचून माझं बोलणं या गादीच्या पलीकडे जात नाही!"

मैनेने शांतपणे बोचक्याची गाठ सोडली. चादरीतून अँप्लिफायरची काळी, जड पेटी निघाली.

"मग महाराज, हे संगणकाचे सोनबा. तो पुटपुटतो, हे मोठं करतात. यांनाही कट्ट्यावर बसवू?"

राजे पेटीकडे बघत राहिले. मग मैनेकडे. मग पोटावर हात ठेवून जे हसत सुटले, ते दोन चौक ओलांडून मुदपाकखान्यात ऐकू गेलं. घराण्यात असं कधी घडलं नव्हतं! काय झालं म्हणून आचारी पळत आला, आणि शहाणा म्हणून ताट घेऊनच आला.

"जोड!" राजे घास घेता घेता म्हणाले.

मैनेने आवाजाचं बटण शून्यावर फिरवलं. संगणकाला कानातली बोंडं लावतात त्या भोकातून एक वायर पेटीला, पेटीतून लाल वायर लालला, काळी काळीला, एक जोडी डाव्या स्पीकरला, एक उजव्या. मग बटण हळूहळू वर. सनई अशी घुमली की छपरावरची कबुतरं उडाली.

राजांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हातात घातलं. काजळगडातल्या प्रत्येक चावडीवर स्पीकर बसवायचं काम नारोबाच्या दुकानाला मिळालं.

"आणि या नव्या भालदाराला काय द्यायचं?" राजांनी पेटीवर टिचकी मारत विचारलं.

"त्याला भिंतीतली वीज पुरते, महाराज," मैना म्हणाली. "जुने मात्र सकाळपासून कट्ट्यावर उपाशी बसलेत. त्यांचं ताट मागवा. आणि जरा मोठ्याने मागवा, मधे कोणी नाही!"