शेंड्यावरची जागा

मुलांनो, एका जंगलात ऐनाचे एक उंच झाड होते. त्याच्या ढोलीत एक साळुंकी आपल्या तीन पिल्लांना घेऊन राहायची, आणि वर शेंड्यावर रोज सकाळी एक कोतवाल पक्षी येऊन बसायचा. काळा, दुभंगलेल्या शेपटीचा, घोगऱ्या आवाजाचा. उजाडायच्या आधीच तो सगळे जंगल फिरून यायचा आणि मग ओरडून सांगायचा, "ओढा आटलाय, वरच्या डोहावर जा! बिबट्या करवंदीच्या जाळीत झोपलाय, तिकडे फिरकू नका! धामण बाहेर पडलीय, पिल्लं सांभाळा!" सशापासून सांबरापर्यंत सारे चरायचे थांबून माना वर करत.

साळुंकीला ते बघवत नसे. तिचा गळा किती गोड! पण ती गाऊ लागली की ससा म्हणे, "थांब गं साळूताई, आधी कोतवालाचं ऐकू दे." झाले! मग दिवसभर तिला घास गोड लागत नसे. "झाड माझं आणि मान त्याला," असे पुटपुटतच ती पिल्लांना भरवी. एकदा तर धाकटे पिल्लूच घोगरा आवाज काढून म्हणाले, "आई, मी मोठा झालो की कोतवाल होणार!" साळुंकीच्या अंगाची लाहीलाही झाली.

नेमका तेव्हाच लांबच्या रानातून एक कोल्हा आला. कितीतरी रानांतले उंच शेंडे त्याने आधीच ताब्यात घेतले होते. "एवढा गोड गळा आणि ढोलीत कोंडलेला?" तो हळहळला. "शेंडा मला दे, ताई. तिथे मी तुलाच बसवतो. गाणं मात्र मी देईन तेच म्हणायचं. सगळ्या रानांत तेच चालतं." जंगलाची रीत अशी, की ढोलीत राहणाऱ्याने हो म्हटले तरच दुसऱ्याने शेंड्यावर बसायचे. साळुंकीने लगेच हो म्हटले. वर म्हणाली, "आणि त्या काळ्याला आधी हाकला!" कोतवाल जाताना एवढेच बोलला, "बाई, खुशाल बस. पण पहाटेची फेरी चुकवू नकोस." "मला नको शिकवूस!" साळुंकी फणकारली.

दुसऱ्या दिवसापासून गाणे सुरू झाले. "आजचा दिवस छान छान! कोल्हेदादांची बोरं छान!" पहिल्यांदा साऱ्यांनी माना वर केल्या आणि साळुंकी अगदी फुलून गेली. पण रोज तेच! त्यात पाण्याचे नाही, बिबट्याचे नाही. ती फेरीला निघाली, तर कोल्हा म्हणाला, "कशाला दमतेस? इथल्या ओढ्याशी बाकीच्या रानांना काय करायचंय?" हळूहळू कोणी वर बघेना. हरणे कोतवालाला ऐकायला पलीकडच्या टेकडीवर जातात, असेही तिच्या कानावर आले. मग तर ती ईर्ष्येने डोळे मिटून, आणखी मोठ्याने तेच गाऊ लागली.

अशीच एका सकाळी गात असताना खालून पिल्लांचा कालवा ऐकू आला. बघते तर काय, धामण खोडावरून चढून थेट ढोलीच्या तोंडाशी! "धावा! धामण आली! माझी पिल्लं!" साळुंकी जीव तोडून ओरडली. कोतवालाची अशी हाक आली की पूर्वी माकडे फांद्या गदागदा हलवून धामणीला खाली पाडत. आजही माकडे शेजारच्याच झाडावर होती. पण खाली ससा गवत चघळत म्हणाला, "आज गाणं बदललेलं दिसतंय." "असेल कोल्हेदादांचंच काहीतरी," माकड म्हणाले आणि पाठ खाजवू लागले. साळुंकी एकटीच चोच मारत धामणीवर तुटून पडली. तिच्या पंखांची पिसे खाली पडत राहिली, तरी मान वर कोणी केली नाही. धामण सावकाश उतरून गेली, तेव्हा ढोलीत आवाज नव्हता.

तात्पर्य : दुसऱ्याचा मान डोळ्यांत खुपतो म्हणून आपल्या रानाचा आवाज परक्याच्या हाती देऊ नये; नाहीतर खरे सांगायची वेळ येते, तेव्हा ऐकणारे उरलेले नसतात.