अंगरख्याची बटणं

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची म्हणाल, तर तेव्हा राजालासुद्धा आपला कपडा कधी मिळणार हे शिंप्यालाच विचारावं लागायचं. म्हणजे त्या बाबतीत काळ फारसा बदललेला नाही. त्या काळी एका किल्ल्याखालच्या पेठेत निवृत्ती नावाचा एक शिंपी राहत होता.

निवृत्तीच्या हातात कसब होतं. त्याचा टाका बोटाने चाचपून पाहिला तरी सापडायचा नाही. त्याने शिवलेला सदरा घातला की वाकून चालणारा माणूससुद्धा चारचौघांत ताठ दिसायचा. पण त्याला एक खोड होती. गिऱ्हाईकाने दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला रे ठेवला, की तो हसून म्हणायचा, "झालंच म्हणा. काजं-बटणं तेवढी राहिलीत."

आणि आत फळीवर त्या गिऱ्हाईकाच्या कापडाची घडीसुद्धा मोडलेली नसायची.

निवृत्ती लबाड होता असं मात्र समजू नका. त्याला कुणाचा चेहरा पडलेला बघवत नसे. "झालंच म्हणा" म्हटलं की गिऱ्हाईक खूश होऊन घरी जायचं आणि गंमत अशी, की निवृत्तीलाही खरोखर काम उरकल्यासारखं हलकं वाटायचं. एवढं काम झाल्यावर माणसाने जरा विसावा घ्यायला नको का? मग तो पानाचा डबा उघडायचा आणि शेजारच्या कासाराशी गप्पा मारत बसायचा.

पेठेत त्याच्या नावाने किस्से चालायचे. एका बाईने बारशासाठी झबलं शिवायला टाकलं होतं. ते तयार झालं तेव्हा बाळ स्वतःच्या पायांनी चालत घ्यायला आलं. एका नवरदेवाचा लग्नातला सदरा लग्नानंतरच्या तिसऱ्या दिवाळीला मिळाला. नवरदेव म्हणाला, "राहू द्या दादा, आता यात माझा एक हातच मावेल."

हळूहळू लोक समोरच्या गल्लीतल्या शिंप्याकडे जाऊ लागले. त्याचा टाका इतका लांब, की दोन टाक्यांमधून वारा जायचा. पण तो गुरुवार म्हणाला की गुरुवारी कपडा द्यायचा.

निवृत्तीची बायको भागा हे सगळं बघत होती. एक दिवस ती म्हणाली, "अहो, आज किती माणसं आली दुकानात?"

"तीन."

"कपडे शिवायला टाकायला?"

"नाही. न शिवलेलं कापड परत न्यायला."

"मग त्यांना तरी काजं-बटणांचं सांगितलं नाहीत ना?"

निवृत्ती पानाचा डबा शोधू लागला. दोघांना त्याने सांगितलं होतं.

अशात राजकन्येचं लग्न ठरलं. शेजारच्या राज्याचे व्याही पंधरा दिवसांनी सीमान्तपूजनाला येणार होते आणि त्या दिवशी राजाला नवा अंगरखा हवा होता. राजवाड्यातून बोलावणं आलं. निवृत्ती गज, खडू आणि दोरा घेऊन हजर झाला.

कारभारी मोठे कडक गृहस्थ. ते म्हणाले, "नीट ऐक. पेठेत शिंपी दोन. महाराजांनी कसबाकडे बघून काम तुला दिलंय. वेळेवर झालं, तर यापुढे राजवाड्याची सगळी शिवण तुझी. नाही झालं, तर दुकानाची जागा सरकारी आहे हे तुला ठाऊकच आहे. ती समोरच्याला जाईल."

तीच जागा, जिथे निवृत्तीच्या आजाने पहिला दोरा ओवला होता. तो कसाबसा माप घ्यायला पुढे सरकला. राजा चांगला गोल गरगरीत. पोटाचं माप घेताना निवृत्ती अदबीने म्हणाला, "महाराज, श्वास सोडावा."

"सोडलाय," राजा म्हणाला.

घरी आल्यावर निवृत्तीने राजवाड्यातून मिळालेलं भारी किनखाबाचं जरीचं कापड फळीवर सगळ्यांत वर, मानाने ठेवलं. पहिल्या दिवशी त्याने कापडाकडे कौतुकाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी वेलबुट्टी कशी काढायची याचं कासाराला तासभर वर्णन करून सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्याला वाटलं, अजून पुष्कळ दिवस आहेत. चौथ्या दिवशीही तसंच वाटलं. पाचव्या दिवशी कारभारी दारात येऊन उभे राहिले.

"काय रे, कुठवर आलं महाराजांचं?"

निवृत्तीचं तोंड आपोआप उघडलं. "झालंच म्हणा. काजं-बटणं तेवढी राहिलीत."

कारभाऱ्यांना राज्यकारभारातलं सगळं कळायचं, शिवणकामातलं काही कळायचं नाही. त्यांनी तो निरोप जसाच्या तसा राजाला सांगितला. सहाव्या दिवशी सकाळी निवृत्तीला पुन्हा बोलावणं आलं.

राजा गादीवर लोडाला टेकून बसला होता. त्याच्या अंगात जुना अंगरखा होता आणि त्याचे बंद पोटावर करकचून बांधलेले होते. त्या बंदांकडे लक्ष गेलं मात्र, आपण काय बोलून बसलो ते निवृत्तीला कळलं.

"निवृत्ती," राजा म्हणाला, "आमच्या सात पिढ्या अंगरखा बंदांनी बांधत आल्या. अंगरख्याला बटणं कधीपासून लागायला लागली?"

अंगरख्याला काज नसतं आणि बटणही नसतं, हे शिंप्याच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण वर्षानुवर्षं प्रत्येक कपड्याला तेच उत्तर द्यायची सवय. जीभ काय सदरा बघते की अंगरखा?

खरं बोलायची वेळ हीच होती. पण राजाचा चेहरा पडेल या विचाराने निवृत्ती घाबरला आणि म्हणाला, "नवी तऱ्हा आहे, महाराज."

राजा एकदम सरळ बसला. "बटणांचा अंगरखा? अरे, हे आधी कुणाला कसं सुचलं नाही? रोज सकाळी तीन हुजरे लागतात आम्हाला. एक पोट आत दाबतो, दुसरा गाठ मारतो. तिसरा उभा राहून मोजतो, आम्ही किती वेळ श्वास धरला. आता बटणं लावली की काम झालं. कारभारी, आमच्या आजोबांची हिऱ्याची बटणं काढा. बारा आहेत. आणि निवृत्ती, काजांचीही काळजी करू नकोस. राणीसाहेबांच्या दासी काजं करण्यात पटाईत आहेत. तू अंगरखा आहे तसा घेऊन ये. आजच दुपारी."

जे राहिलं आहे असं निवृत्ती सांगत होता, ते सगळं राजाने आपल्याकडे घेतलं. आता फक्त जे झालं आहे तेवढं आणून द्यायचं होतं.

निवृत्ती घरी आला तो थेट ओट्यावर बसला. भागाने त्याच्या तोंडाकडे बघून पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सगळं ऐकून घेतलं.

"उंदरांनी कुरतडला म्हणून सांगू?" निवृत्तीने विचारलं.

"सांगा की. महाराज म्हणतील, कुरतडलेला दाखव."

"चोरीला गेला म्हणू?"

"म्हणजे कोतवाल येतील. त्यांना पहिल्याच फळीवर मुद्देमाल सापडेल."

"मग मी करू तरी काय?"

भागा त्याच्याजवळ बसली. "एक सांगू का? तुमच्या हातांना खोट नाही. पण सगळं काम तुमचं तोंडच उरकून टाकतं. मग हातांना वाटतं, आता आपल्याला काय उरलंय? उठा. जे झालंय तेवढंच घेऊन जा. महाराजांनी तेवढंच मागितलंय."

निवृत्तीने किनखाबाची घडी काखेत मारली आणि निघाला. वाटेत कासार म्हणाला, "झाला वाटतं अंगरखा?" निवृत्तीची जीभ वळवळली. त्याने ती दातांत धरली आणि चालत राहिला.

दरबार भरला होता. दासी सुई-दोरा घेऊन बसल्या होत्या. तबकात हिऱ्याची बारा बटणं ठेवली होती. निवृत्तीने घडी राजापुढे ठेवली आणि खाली मान घालून उभा राहिला. राजाने घडी एका बाजूने उलगडली, दुसऱ्या बाजूने उलगडली. मग त्याने बाही शोधली. मग गळा शोधला.

"हे तर कापड आहे," राजा म्हणाला.

"होय महाराज."

"तू म्हणालास, काजं-बटणं राहिलीत."

"ते खोटं नव्हतं, महाराज. काजं-बटणं राहिलीच आहेत. बाकीचंही सगळं राहिलंय, तेवढं सांगायचं राहून गेलं. आणि नवी तऱ्हाबिऱ्हा काही नाही. तोंडाला सवय आहे, तिने घात केला."

दासींनी पदर तोंडाला लावले. कारभारी लाल झाले. "महाराज, जागा आजच समोरच्याला देतो."

राजाने हात वर केला. त्याला राग आलेला दिसत होता, पण त्याची मिशी हलत होती. "थांबा. निवृत्ती, नऊ दिवस राहिलेत. होईल?"

"होईल की" हे दोन शब्द निवृत्तीच्या ओठांपर्यंत आले होते. तेवढं म्हटलं असतं तर राजा खूश झाला असता, कारभारी गप्प बसले असते. पण निवृत्तीने ते शब्द गिळले आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईकासमोर बोटांवर हिशेब केला. कापड कापायला एक दिवस. घेराच्या कळ्या जोडायला दोन. बाह्या, अस्तर, गळा. मग तो म्हणाला, "नाही, महाराज. वेलबुट्टीसकट अकरा दिवस लागतात. नऊ दिवसांत साधा होईल. वेलबुट्टी होणार नाही."

राजाला इतकं स्पष्ट 'नाही' बऱ्याच दिवसांत कुणी ऐकवलं नव्हतं.

"असू दे," राजा शेवटी म्हणाला. "व्याही आमची वेलबुट्टी कशाला बघतील, आधी पोटच दिसणार त्यांना. साधाच शीव, पण बटणं हवीत. ती आमच्या मनात बसलीत. आणि कारभारी रोज संध्याकाळी येतील. त्यांना झालेलं तेवढंच सांगायचं. होणार असलेलं नाही, झालेलं. आणि ते हाताला लागलं पाहिजे."

पहिल्या संध्याकाळी निवृत्ती म्हणाला, "कापून झालं." कारभाऱ्यांनी तुकडे हात लावून बघितले. तिसऱ्या संध्याकाळी कासाराकडे पाहुणे आले होते, तेव्हा निवृत्तीची दुपार तिकडेच गेली. कारभारी आले. निवृत्तीने खूप वेळ घसा साफ केला आणि म्हणाला, "अर्धी बाही."

"अर्धी?"

"अर्धी."

कारभाऱ्यांनी ती अर्धी बाही उचलली, तिच्यातून निवृत्तीकडे बघितलं आणि काही न बोलता निघून गेले. निवृत्तीला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी कासाराने हाक मारली तेव्हा तो म्हणाला, "आज नाही रे बाबा. संध्याकाळी मला काहीतरी सांगायला पाहिजे."

हळूहळू त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. 'झालंच म्हणा' म्हटल्यावर जसं हलकं वाटायचं, त्याहून कितीतरी बरं 'दोन्ही बाह्या झाल्या' म्हटल्यावर वाटत होतं, कारण ते म्हणताना बाह्या समोर दिसत होत्या. भागा शेजारी बसून अस्तराची तुरपाई करत होती. नवव्या दिवशी सकाळी अंगरखा तयार झाला, काजं-बटणांसकट.

सीमान्तपूजनाला राजा तो घालून आला. वेलबुट्टी नव्हती, ही गोष्ट राणीसाहेबांच्या लक्षात आली आणि त्यांनी ती चारदा बोलून दाखवली. पण व्याही राजाची नजर बटणांवरून हलेना. तोही पोटाने चांगला भरलेला होता. जेवणं झाल्यावर त्याने निवृत्तीला बोलावून घेतलं.

"असा एक आम्हाला पाहिजे. वेलबुट्टीसकट. किती दिवस?"

निवृत्तीने बोटं मोजली. अकरा दिवस कामाचे, एक-दोन अडचणीचे, आणि डोंगर ओलांडून पोचवायला तीन. "पंधरा दिवस, महाराज."

व्याही राजाने भुवया उंचावल्या. "पंधरा? आमचा शिंपी तर पाच दिवसांत देतो म्हणाला होता."

"मग त्याच्याकडचा झाला असेल की, महाराज."

व्याही राजा जरा घुटमळला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "नाही. मागच्या दसऱ्याला टाकलाय."

कारभारी आयुष्यात कधी हसले नव्हते, ते त्या दिवशी हसले. त्यांनीच निवृत्तीच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "जागा तुझीच. आणि उद्यापासून राजवाड्याची शिवणही."

तेव्हापासून निवृत्तीच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की कधी "आठ दिवस" ऐकायचं, कधी "या महिन्यात जमणार नाही". काही लोक तोंड वाकडं करून समोरच्या गल्लीत जायचे. पण ज्यांच्या घरी खरंच लग्न असायचं, ते निवृत्तीकडे यायचे, त्याने सांगितलेला दिवस ऐकायचे आणि मग मुहूर्त धरायचे.

मग यातून तात्पर्य काय घ्यायचं? यशस्वी माणसाच्या अंगी मोठे गुण असतात असं लोक म्हणतात. असतीलही. पण काम जिथवर आलंय तिथवरच सांगायचं, ही एवढीशी सवय ज्याला लागली, त्याचे हात आपोआप चालायला लागतात. आणि काम होण्याआधीच जो 'झालं' म्हणून टाकतो, त्याचं काम त्या शब्दापाशीच थांबतं.